नळ सोडला की फ्रिज गप्प

बत्तीस वर्षं मी एकलहऱ्याच्या औष्णिक वीज केंद्रात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला काढली. २१० मेगावॅटचा जनरेटर, १५.७५ केव्ही, पूर्ण भारावर नऊ हजार अँपिअर, हे माझं रोजचं. त्यामुळे निवृत्तीनंतर जुनी टेम्पो ट्रॅव्हलर घेऊन तिचं फिरतं घर करायचं ठरलं, तेव्हा वायरिंग बाहेर द्यायचा प्रश्नच नव्हता. सुतारकाम सुताराकडे, पाण्याची टाकी प्लंबरकडे, वीज माझ्याकडे. त्याच विजेनं माझं नाक कसं कापलं, ते आज लिहितोय. (आरटीओत घासलेल्या चपलांवर वेगळं लिहीन. तो विषय बीपी वाढवणारा आहे.)

गाडीतली मांडणी साधी आहे. इंजिनची बॅटरी वेगळी, घराची वेगळी. घराच्या बॅटरीवर कॉम्प्रेसरचा छोटा फ्रिज, पाण्याचा पंप, चार दिवे, पंखा आणि मोबाइल. घराची बॅटरी म्हणजे आमच्या नाशिकरोडच्या फ्लॅटमधल्या इन्व्हर्टरची जुनी ट्युब्युलर (लेड ॲसिडचाच एक प्रकार), १५० एएचची, म्हणजे अँपिअर-तासांची. ती चार्ज होताना हायड्रोजन सोडते, म्हणून बाहेरून हवा खेळणाऱ्या वेगळ्या पेटीत ठेवली होती. १५० एएच हा आकडा वाचून माणूस खूश होतो, पण तो वीस तासांच्या हिशेबाचा असतो. साडेसात अँपिअर घ्या, मग वीस तास चालेल. पन्नास अँपिअर ओढलेत तर तीन तास मिळायचे नाहीत.

गेल्या वर्षी जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही दोघं भंडारदऱ्याला काजवे बघायला गेलो. काजवे पोटभर बघितले. रात्री दोनला फ्रिज टीं टीं करायला लागला. माझ्या फ्रिजला व्होल्टेज सांभाळायच्या तीन पातळ्या आहेत. मी वरची ठेवली होती. तीत ११.१ व्होल्टला तो बंद पडतो आणि पुन्हा १२.४ होईपर्यंत सुरू होत नाही. बॅटरीवर मीटर लावला, १२.१. सकाळी दुधाचा चहा झाला, पण दही आंबून गेलं होतं आणि आमची ही एक वाक्य बोलली, "अहो, पॉवर हाउसमध्ये असंच चालायचं का?"

नाशिकला परत आल्यावर बॅटरी दुकानात नेली. मुलानं लोड टेस्टर लावला, काटा लाल पट्ट्यात गेला. "काका, गेली ही. बदलून टाका." मीही मान डोलावली. इथेच मी घसरलो. बॅटरी अर्धीच भरलेली होती. दिवसभर उपाशी असलेल्या माणसाकडून पोतं उचलून घ्यायचं आणि त्याला क्षयरोग झालाय म्हणायचं, तसला प्रकार. आधी पूर्ण चार्ज करायची, काही तास नुसती ठेवायची, मग मोजायचं. लेड ॲसिड बॅटरी विश्रांतीनंतर १२.७ च्या आसपास दाखवत असेल तर भरलेली, १२.४ म्हणजे साधारण पाऊण, १२.२ म्हणजे अर्धी, १२ म्हणजे पाव. चार्जरवरून काढल्या काढल्या जो १३ दिसतो तो वरवरचा मुलामा.

आणि हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. केंद्रात आमची २२० व्होल्ट डीसीची बॅटरी रूम होती, दोन-दोन व्होल्टचे एकशे दहा सेल ओळीनं मांडलेले. सगळं अंधारात गेलं तरी ब्रेकर ट्रिप व्हायला हवेत, टर्बाइनच्या बेअरिंगला तेल मिळायला हवं, म्हणून ती बँक. नोकरीतली पहिली दोन वर्षं मी रोज सकाळी हायड्रोमीटर घेऊन ठरलेल्या सेलची ग्रॅव्हिटी, म्हणजे ॲसिडची घनता, वहीत लिहायचो. बारा व्होल्टच्या बॅटरीत असे सहाच सेल. सहाही सेलची ग्रॅव्हिटी सारखीच कमी असेल तर बॅटरी उपाशी आहे, चार्ज करा. पाच बऱ्या आणि एकाचीच ५० पॉइंटनं (म्हणजे ०.०५०) खाली, तर तो सेल मेला. एवढी साधी गोष्ट. हायड्रोमीटर घरी ड्रॉवरमध्ये होता. काढला नाही. जुनी बॅटरी भंगाराच्या भावात एक्सचेंजला दिली आणि १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट घेतली. पस्तीस हजार गेले. हिला तीस सांगितले.

पावसाळाभर गाडी फारशी हलली नाही. जानेवारीत नांदूर मधमेश्वरला पक्षी बघायला निघालो आणि मुक्काम निफाड तालुक्यातल्या भाच्याच्या मळ्यावर टाकला. निफाडची थंडी नाशिककरांना सांगायला नको. रात्री दोनच्या सुमारास पुन्हा तेच. टीं टीं. मी पांघरुणातूनच बॅटरीच्या पडद्यावर नजर टाकली. १३.२. म्हणजे बॅटरी ठणठणीत! थोड्या वेळानं फ्रिज आपोआप सुरू झाला, पहाटे पुन्हा बंद.

सकाळी भाचा द्राक्षबागेत शेकोट्यांची राख बघून परत आला. त्याला सांगितलं तर म्हणाला, "मामा, थंडीनं लिथियम बसत असेल." त्याचं चुकलं असंही नाही. ही बॅटरी शून्य अंशाखाली चार्ज करायची नसते. आतला बीएमएस, म्हणजे बॅटरी सांभाळणारं सर्किट, ते अडवतो. पण निफाडला पारा सहा-सातवर होता, शून्यावर नव्हे. आणि बीएमएसनं तोडलं असतं तर दिवेही गेले असते. दिवे चालू होते.

दुकानात फोन लावला. "काका, बीएमएसच खराब असणार, बॅटरी आणून टाका." मी फोन ठेवला आणि शेडच्या ओट्यावर बसून राहिलो. चुलीजवळ ही आणि भाचेसून बाजरीच्या भाकरी करत होत्या. तिथूनच ही म्हणाली, "मी रात्री हात धुवायला नळ सोडला की फ्रिज गप्प होतो. आणि तुमचा तो दिवा डोळा मारतो. मागे भंडारदऱ्याला पण मारायचा, पण तेव्हा कमी."

मी काय बोलणार. बॅटरी रूमची वही लिहिणारा मी, आणि नोंद ठेवली हिनं.

झालं, मग कामाला लागलो. आधी फ्रिज चालू करून बॅटरीच्या टर्मिनलवर मोजलं, १३.२. मग फ्रिजच्या प्लगवर, कॉम्प्रेसर चालू असताना मोजलं, ११.६. मधे १.६ व्होल्ट बेपत्ता. नळ सोडला, पंप घुरघुरला, आणि आकडा १०.२ वर आला. ११.१ च्या खाली. फ्रिज गप्प.

२३० व्होल्टवर काम केलेल्या माणसाची खोड अशी, की दीड व्होल्ट म्हणजे त्याच्या लेखी काहीच नाही. घरातल्या गीझरच्या वायरीत दीड व्होल्ट पडला तर कुणाला पत्ताही लागत नाही, एक टक्कासुद्धा होत नाही तो. बारा व्होल्टमध्ये तेवढाच दीड व्होल्ट म्हणजे साडेबारा टक्के. शिवाय तेवढ्याच वॅटला करंट किती तरी जास्त, आणि करंट वाढला की प्रत्येक सांधा आपला वाटा मागतो. हा हिशेब मी नोकरीत शिकाऊ पोरांना शिकवायचो. गाडीत मात्र घरच्यासारखी अडीच स्क्वेअरची (चौरस मिलिमीटर) वायर टाकून मोकळा झालो होतो. तांब्याच्या अडीच स्क्वेअर वायरीत पाच मीटरला साधारण ०.०३४ ओहम पडतो. पाच अँपिअरला ०.१७ व्होल्ट. म्हणजे वायर बारीक होती हे खरं, पण १.६ व्होल्ट खाणारी नव्हती. चोर दुसरा होता.

चोर पकडायची रीत ही. मीटर डीसी व्होल्टवर, २० च्या रेंजला. भार चालू. एक टोक बॅटरीच्या प्लसवर, दुसरं फ्रिजच्या प्लसवर. दोन्ही प्लसच, त्यामुळे मीटरवर दिसतो तो थेट त्या रस्त्यात पडलेला व्होल्टेज. माझ्याकडे ०.३ आला, वायर, फ्यूज, स्विच सगळं मिळून, चालण्यासारखा. मग तेच मायनस ते मायनस. मीटरची पिन पोचेना, म्हणून भाच्यानं बोअरच्या स्टार्टरसाठी आणून ठेवलेल्या वायरीचा तुकडा जोडला. १.३ व्होल्ट. मायनसला! नळ सोडल्यावर तोच २.७.

भार बंद असताना हे सगळं शून्य दिसतं, हे ध्यानात घ्या. माझी बॅटरी रात्री १३.२ दाखवत होती ती खोटं बोलत नव्हती, मी चुकीच्या जागी आणि चुकीच्या वेळी विचारत होतो. लिथियमचा आणखी एक घोळ म्हणजे तिचा व्होल्टेज सपाट असतो. लेड ॲसिडला उतरत्या जिन्यासारखे आकडे मिळतात, हिच्यात १३.३ ते १३.१ या चिमटीत निम्मी बॅटरी संपून जाते. व्होल्टेज बघून किती उरलीय ते कळत नाही. त्याला शंटवाला मीटर लागतो, गेलेले आणि आलेले अँपिअर मोजणारा. तो मी नंतर बसवला.

तर मायनस. मी पैसे आणि वायर वाचवायला फ्रिज आणि पंप दोघांचा मायनस जवळच्या चॅसीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, टेकवला होता. गाडीत तसं करतातच. मागच्या सीटचा एक जुना बोल्ट होता, त्यालाच दोन्ही लग (वायरीच्या टोकाची धातूची कडी) अडकवले होते. मी पोटावर आडवा होऊन बॅटरी टॉर्च दातात धरली आणि बोटानं बोल्ट चाचपला. कोमट होता. निफाडच्या थंडीत, सहा अंशांत, लोखंडाचा बोल्ट कोमट! १.३ व्होल्ट गुणिले ५ अँपिअर, साडेसहा वॅट. एक लहान एलईडी दिवा जळेल एवढी वीज तो बोल्ट तापवण्यात जात होती, कॉम्प्रेसर चालू असेपर्यंत.

खोलला. वॉशरखाली गाडीचा क्रीम रंग जसाच्या तसा होता. मी रंग खरवडलाच नव्हता. लग रंगावर बसलेला आणि करंट बिचारा बोल्टच्या आट्यांमधून जेमतेम वाट काढत होता. त्या आट्यांत दोन पावसाळ्यांचं पाणी गेलेलं. विटकरी रंगाची भुकटी ओट्यावर सांडली, लगाचं तोंड काळं पडलेलं. जूनमध्ये हा सांधा निदान थोडाफार धरून होता, म्हणून फ्रिज बॅटरी अर्धी होईपर्यंत तग धरायचा. जानेवारीपर्यंत गंज वाढला. जुनी ट्युब्युलर बॅटरी निर्दोष होती, हे त्या ओट्यावर कळलं. ती एव्हाना कुठल्या तरी भट्टीत वितळून शिसं झाली असणार.

भाचा वाकून बघत होता. "मामा, आमच्या डीपीवरचा जंपर असाच गंजला होता. मोटार दोनदा भरली तेव्हा वायरमनला दिसला." डीपी म्हणजे शेतातला ट्रान्सफॉर्मर, जंपर म्हणजे त्यावरची जोडतार, आणि मोटार भरणं म्हणजे जळालेलं वाइंडिंग पुन्हा गुंडाळणं. दोन हंगाम त्यानं मोटारीलाच शिव्या दिल्या होत्या. रक्ताचं नातं आहे, दुसरं काय.

तात्पुरतं काम तिथेच उरकलं. पॉलिश पेपरनं पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, दातेरी वॉशर टाकला, नवा लग, घट्ट पिळला आणि वरून पेट्रोलियम जेली चोपडली. जेली शेवटी. काही जण आधी लावून मग पिळतात. तिचं काम पाणी बाहेर ठेवायचं, वीज वाहून न्यायचं नव्हे. कायमचं काम नाशिकला येऊन केलं. चॅसीचा नाद सोडला. बॅटरीजवळ तांब्याची बस बार, म्हणजे सगळ्या वायरी जोडायची पट्टी, बसवली आणि प्रत्येक उपकरणाचा मायनस स्वतंत्र वायरीनं तिथे आणला, फ्रिज आणि पंपाला दहा स्क्वेअर. चॅसीला जोड एकाच ठिकाणी, जाड केबलनं, रंग खरवडून. आता फ्रिजवर नळ सोडलेला असतानाही १२.८ मिळतात.

लग हातोडीनं चेपू नका. मीही पूर्वी चेपलेत. लग वायरीवर दाबून बसवायचं क्रिम्पिंगचं साधन भाड्यानं किंवा उसनं आणा. आणि बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात फ्यूज हवाच. लिथियम शॉर्ट झाली तर काही विचारत बसत नाही.

त्याच मळ्यावर दुसरं एक झालं, तेही सांगतो. पहिल्या रात्री शेडमधल्या प्लगवरून गाडीला २३० व्होल्टची वायर दिली होती. ही अनवाणी ओल्या मातीवर उभी राहून दाराला हात लावायला गेली आणि "अगंबाई" म्हणून मागे सरली. झिणझिण्या. शेडच्या प्लगमध्ये अर्थिंगची पिन नुसती शोभेला होती, मागे वायरच नव्हती. अशा वेळी चार्जरच्या फिल्टरमधून गाडीच्या पत्र्यावर व्होल्टेज चढतो, त्यातून वाहणारा करंट बहुधा किरकोळ असतो. पण हाताला लागलेली झिणझिणी किरकोळ गळतीची आहे की आत वायर सोलली गेलीय, हे हाताला कळत नाही. मी वायर काढून टाकली. आता गाडीच्या २३० च्या तोंडाशी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे गळती होताच वीज तोडणारा स्विच, आहे, आणि अनोळखी प्लगची अर्थिंग टेस्ट लॅम्पनं तपासल्याशिवाय मी वायर खोचत नाही. फेज आणि अर्थमध्ये दिवा लख्ख लागला पाहिजे.

फेब्रुवारीत तिसरी भानगड. गाडी सोसायटीत तीन आठवडे उभी, आणि आता इंजिनचीच बॅटरी पार उतरलेली. या वेळी दुकानाकडे ढुंकूनही पाहिलं नाही. बॅटरी चार्ज केली, मायनस केबल काढून मधे मीटर घातला, अँपिअरवर. शून्य. गळती नाही. मी समाधानानं घरी जाऊन जेवलो, झोपलो. दुसऱ्या दिवशी संशय आला म्हणून मीटर उघडला तर त्याचा १० अँपिअरचा फ्यूज उडालेला. कधी तरी अँपिअरच्या खाचेत पिन ठेवून व्होल्ट मोजायला गेलो असणार. उडालेल्या फ्यूजचा मीटर प्रत्येक गाडीला निरोगी ठरवतो.

नवा फ्यूज घातला, दारं लावून अर्धा तास थांबलो, कारण गाडीतले काही भाग सावकाश झोपी जातात. मीटर मधे असताना किल्ली फिरवायची नाही, नाही तर स्टार्टर मीटरच खाऊन टाकेल. आकडा आला ०.४१ अँपिअर. उभ्या गाडीनं पन्नास मिलिअँपिअरच्या वर घेऊ नये; ही आठपट घेत होती. दिवसाला जवळजवळ दहा एएच. तीन आठवडे कुठले, आठ-दहा दिवसांत तिनं राम म्हटला असणार.

मग मला माझं जुनं काम सापडलं. केंद्रात डीसीला अर्थ फॉल्ट आला की कंट्रोल रूममध्ये दिवा लागायचा आणि आम्ही एक एक फीडर क्षणभर उघडून बघायचो, कुठला काढल्यावर दिवा विझतो. रात्रपाळीला, चहाचा कप पॅनेलवर ठेवून. तेच इथे केलं. एक एक फ्यूज उपसायचा आणि मीटरकडे बघायचं. अकराव्या फ्यूजला आकडा ०.०३ वर पडला. त्या फ्यूजवर काय आहे म्हणून वायर धरत धरत मागे गेलो, तर छताच्या प्लायमागे एक ॲम्प्लिफायर निघाला. गाडी आधी लग्नाच्या वऱ्हाडांना जायची. जुन्या मालकानं ॲम्प्लिफायरची चालू-बंदची तार थेट कायमच्या प्लसला वेटोळे मारून टेपनं गुंडाळली होती. स्पीकर कधीच काढून नेलेले, हा आपला दोन वर्षं अंधारात, नसलेल्या स्पीकरना ऐकवण्यासाठी जागा.

ॲम्प्लिफायर भाच्याला दिला. गणपतीत वाजवीन म्हणाला.

ते तीस आणि पस्तीस हजारांचं प्रकरण मात्र अजून मिटलेलं नाही. दिवाळीआधी जुन्या पावत्या आवरताना तिला बिल सापडलं. काही बोलली नाही. त्यानंतर गेल्या महिन्यात आम्ही वणीला गेलो, गडाच्या पायथ्याशी मुक्काम. झोपण्याआधी तिनं नळ सोडला, वरच्या दिव्याकडे बघत दहा-पंधरा सेकंद तशीच उभी राहिली, नळ बंद केला आणि म्हणाली, "ठीक आहे. झोपा."